जेलीफिन, जुना लॅपटॉप आणि रद्दीतल्या डिस्क : कमी पैशांत घरचा सिनेमासंग्रह

आधी निकाल सांगते. लॅपटॉपवर साठवलेले आपले सिनेमे घरातल्या टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं जेलीफिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर, बारा हजारांच्या आतला जुना लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क आणि रद्दीच्या भावात मिळणाऱ्या ओरिजनल डीव्हीडी-व्हीसीडी, एवढ्या भांडवलावर मुंबईतल्या वन रूम किचनमध्येसुद्धा उत्तम सिनेमासंग्रह उभा राहतो. जुन्या मराठी सिनेमासाठी तर याहून चांगला मार्ग आज मला दिसत नाही. मी हे सगळं घरी करून, रोज वापरून लिहितेय, आणि ज्यांच्याकडे माळ्यावर डिस्कचा खोका पडून आहे त्यांनी तो टाकायच्या आत हे वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

मी हे अधिकाराने बोलते त्याला कारण आहे. भांडुप पश्चिमेला आमची व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेट, मग व्हीसीडी, शेवटी डीव्हीडी. गल्ल्यावर मी बसायची, खरेदीला मिस्टर जायचे. हा धंदा कशाने बसला असं विचारलं की लोक चटकन इंटरनेट म्हणतात, पण आम्हाला पहिला धक्का त्याआधीच बसला होता. 2006-07 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. ओरिजनल डिस्क वडापावच्या दुकानाशेजारी टांगलेली मिळायला लागल्यावर भाड्याने कोण नेणार? घरोघरी डिस्क साठल्या. आणि त्याच डिस्क आता वीस वर्षांनी माळ्यावरून खाली उतरताहेत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं, नव्या डिस्कचं दुकान आता शोधूनही सापडत नाही, पण जुन्या डिस्क मुंबईत मुबलक आहेत. फक्त त्या दुकानात नाहीत, रद्दीत आहेत.

आता कोणी म्हणेल, ओटीटी आहे की. आहे, आमच्याकडेही आहे. पण यादीत लावून ठेवलेला सिनेमा एक दिवस यादीतून गायब होतो हा अनुभव घराघरात आहे, माझाही आहे. त्यांचा हक्काचा करार संपला की सिनेमा खाली उतरतो, त्यात आपलं काही चालत नाही. ‘विकत घ्या’चं बटण असतं तिथेही मिळतो तो पाहण्याचा परवाना. फाइल त्यांच्या अॅपमध्येच राहते, आपल्या डिस्कवर उतरवून घेता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 2024 साली कायदाच केला, की असा परवाना विकताना ‘खरेदी’ हा शब्द सरळ वापरायचा नाही, हा परवाना आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. नवे सिनेमे मी भाड्याने बघते, त्याला माझी ना नाही. पण पुन्हा पुन्हा बघायचे, नातवंडांना दाखवायचे सिनेमे मला माझ्या कपाटात हवेत.

खरेदीपासून सुरुवात करते, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. रद्दीवाल्याकडे डिस्क सुट्या घेऊ नका, खोका घ्या. आमच्या रद्दीवाल्याला आता माझी सवय झालीय. लांबूनच हाक मारतो, ‘भाभी, आज पिक्चरवाला माल आया है.’ किलोच्या भावात देतो, निवडून घेतल्या तर पाच-दहा रुपयांना एक. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या पोस्टरांच्या आणि रेकॉर्डच्या दुकानांत डिस्कही दिसतात, पण तिथे हौशी गिऱ्हाइकाचा भाव लागतो. दिवाळीआधीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जेवढं येतं तेवढं वर्षभरात येत नाही.

ओरिजनल कशी ओळखायची? कॉपीराइट कायद्याच्या 52ए कलमाप्रमाणे व्हिडिओवर सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत, तो व्हिडिओ बनवणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. आम्हाला दुकानात हे पाठच होतं. कव्हरच्या मागे हक्कधारकाचं नाव-पत्ता नसेल, छपाई झेरॉक्ससारखी फिकट असेल आणि डिस्कची खालची बाजू निळसर-जांभळी असेल, तर ती घरी बर्न केलेली कॉपी. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते, डबल लेयर असेल तर थोडी सोनेरी. बर्न केलेली फुकट दिली तरी घेऊ नका. ती पायरेटेड तर आहेच, शिवाय तिचा रंग उडतो आणि मुंबईच्या हवेत लवकरच उडतो.

मग डिस्क तपासायची. इथे लोक फसतात ते ओरखड्यांना घाबरून. ओरखडा कुठल्या दिशेचा आहे ते बघा. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा बहुतेक वेळा चालून जातो, कारण लेझर तो एका फेरीत एकदाच ओलांडतो आणि तेवढी तूट डिस्कमधली दुरुस्तीची सोय भरून काढते. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र घातक, त्यात सलग माहिती जाते. म्हणून पुसतानाही मऊ सुती कापडाने मध्यापासून बाहेर पुसायचं, गोल गोल कधीच नाही. आता डिस्क उजेडासमोर धरा. व्हीसीडीमध्ये चंदेरी थर वरच्या, म्हणजे छापील बाजूला अगदी लाखेखालीच असतो, त्यामुळे वरून पिनेएवढी भोकं दिसली की तेवढा सिनेमा गेला. डीव्हीडीत तो थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांमध्ये बंद असतो, म्हणून डीव्हीडी जास्त टिकते. पण तिच्या कडेला ढगासारखा डाग सरकत आलेला दिसला, तर दोन चकत्यांमधला गोंद सुटतोय आणि हवा आत शिरलीय असं समजायचं. अशी डिस्क मिळाली तर घरी नेऊन त्याच दिवशी कॉपी करायची. पावसाळ्यात लागलेली पांढरी बुरशी मात्र भीतीची नाही. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुतली की जाते.

लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतला. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं. सध्याचा काळ गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरचे बहुतेक लॅपटॉप विंडोज 11 ला अधिकृतपणे चालत नाहीत. ऑफिसांनी ते काढून टाकले, दुकानांत थप्प्या लागल्या. आपल्याला विंडोज लागतच नाही, लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकली की तेच मशीन मजेत चालतं. मी सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह घेतला, आठ जीबी रॅमचा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काकी, एवढ्यात दुसरी नवी पिढी बघा ना, दोन हजारच जास्त.’ मी नाही म्हटलं, कारण सहाव्या पिढीतली ग्राफिक चिप डीव्हीडीच्या दर्जाचा सिनेमा टीव्हीला लागेल त्या रूपात चालता चालता बदलून द्यायला पुरून उरते. ते दोन हजार हार्ड डिस्कला ठेवले. लॅपटॉपच का, डेस्कटॉप का नाही? लाइट गेली तर बॅटरीवर तग धरतो, यूपीएस वेगळा घ्यावा लागत नाही. मात्र घेताना तो सपाट टेबलावर ठेवून बघा. डगमगला किंवा टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय, तो घेऊ नका.

विजेचंही सांगते, कारण सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच होता. स्क्रीन बंद ठेवून असा लॅपटॉप साधारण पंधरा वॉट खातो. महिनाभर दिवसरात्र चालू ठेवला तर अकरा युनिटच्या आत. महावितरणच्या बिलात फरक कळलासुद्धा नाही.

आता कॉपीचं काम. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर तेराशेला पडला. डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही हा प्रोग्राम. तो सिनेमा आहे तसा, काही न घटवता, एका फाइलमध्ये काढून देतो. एका डीव्हीडीला वीस-पंचवीस मिनिटं. ब्ल्यू-रेसाठी त्याचं लायसन लागतं, डीव्हीडीसाठी तो फुकट आहे. फाइल चार ते आठ जीबीची होते. जागा कमी असेल तर हँडब्रेक या दुसऱ्या फुकट प्रोग्राममधून ती सव्वा-दीड जीबीवर आणता येते. त्यात दर्जाचा आकडा आरएफ 20 ठेवा, डीव्हीडीला तो शोभतो. आणि डीइंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करण्याची सोय, चालू करायला विसरू नका, नाहीतर लावणीत गिरकी आली की नऊवारीच्या काठाला करवतीसारखे दाते दिसतात. चित्र मोठं करायच्या फंदात पडू नका. डीव्हीडीत 576 ओळीच आहेत, फाइल 1080 ची केली म्हणून नव्या ओळी येत नाहीत, फक्त जागा जाते.

व्हीसीडीचं काम चिकट आहे, पण मराठी सिनेमाचा खरा खजिना तिथेच आहे. कितीतरी मराठी सिनेमे व्हीसीडीवर आले आणि डीव्हीडीवर आलेच नाहीत. चित्र 352 बाय 288 चं, आजच्या टीव्हीवर पसरट दिसतं, हे मान्य. तरी जो सिनेमा दुसऱ्या कुठल्या रूपात मिळतच नाही त्याची तीच प्रत सोन्याची. मेकएमकेव्ही व्हीसीडीला हात लावत नाही. डिस्कमधल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमध्ये एव्हीएसईक्यू नावाची .डॅट फाइल असते, ती उतरवून घ्यायची. एफएफएमपेग नावाच्या साधनाने तिची दर्जा न बदलता साधी एमपीजी करायची. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, त्यामुळे सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर असतो आणि तोडलेला असतो तो नेमका गाण्याच्या नाहीतर भांडणाच्या मध्ये. पहिल्या भागाच्या शेवटी ‘कृपया दुसरी डिस्क लावा’ अशी पाटी, दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा कंपनीचा लोगो आणि पायरसीची सूचना. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये हे दोन्ही तुकडे कापून टाकायचे आणि भाग जोडायचे. नीट जोडलं की ढोलकीचा ठोका चुकत नाही. हे जमलं त्या रात्री मिस्टरांनी तेवढं एक गाणं किती वेळा लावलं विचारू नका. दुकानात आम्ही तो सिनेमा नेहमी दोन तुकड्यांतच पाहिला होता.

आणि आता जेलीफिन, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. एंबी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरने आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणं बंद केलं, तेव्हा 2018 च्या शेवटी काही स्वयंसेवकांनी आधीच्या मोकळ्या कोडवरून हे वेगळं उभं केलं. पैसे नाहीत, जाहिरात नाही, खातं कुठल्या कंपनीकडे नाही. लॅपटॉपवर एकदा बसवलं की घरातला टीव्ही, मोबाइल, टॅब सगळ्यांवर आपला संग्रह पोस्टरांसकट दिसतो. अँड्रॉइड टीव्हीवर त्याचं अॅप आहे, फायर टीव्ही स्टिकवर आहे, एलजीच्या टीव्हीवरही आहे. सिनेमा अर्धा सोडून स्वयंपाकघरात गेलं तर मोबाइलवर तिथूनच पुढे सुरू होतो. प्लेक्स हे याच जातीचं जास्त गाजलेलं सॉफ्टवेअर. दिसायला ते अधिक सफाईदार आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ग्राफिक चिप वापरून सिनेमा बदलून देण्याची सोय त्यात पैसे भरल्यावर मिळते आणि 2025 पासून घराबाहेरून आपलाच संग्रह बघायलाही पैसे लागतात. जेलीफिनमध्ये दोन्ही फुकट. घराबाहेरून बघायचं तर बाहेरचा मोबाइल घरच्या लॅपटॉपला सुरक्षितपणे जोडणारी टेलस्केल नावाची सोय सोबत लावावी लागते, तीही घरगुती वापराला फुकट आहे. लेक पुण्याहून आमचाच संग्रह बघते.

मराठी माणसाला जेलीफिन वापरताना एक गोष्ट आधीच कळली पाहिजे. सिनेमाची माहिती आणि पोस्टर ते टीएमडीबी या सार्वजनिक कोशातून आणतं आणि तो कोश लोकांनीच भरलेला आहे. हिंदी-इंग्रजीचं बरंचसं आहे, जुन्या मराठीचं विरळ. त्यात प्रभात कंपनीच्या सिनेमांची वेगळीच अडचण. 1937 चा ‘कुंकू’ आणि त्याच वर्षीचा हिंदी ‘दुनिया ना माने’, 1939 चा ‘माणूस’ आणि हिंदी ‘आदमी’, एकच गोष्ट दोन भाषांत केलेली. सॉफ्टवेअरने एकाची माहिती दुसऱ्याला चिकटवली तर नवल नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर करा, नावापुढे कंसात साल लिहा, आणि तरीही गोंधळ असेल तर टीएमडीबीवरचा त्या सिनेमाचा क्रमांक फोल्डरच्या नावात चौकटी कंसात टाका. मग चूक होत नाही. सिनेमा कोशात नसेलच तर खातं उघडून आपणच भरायचा. मी आमच्या खोक्यांतल्या सिनेमांची माहिती अशी भरत असते, कव्हरच्या मागे बारीक अक्षरात छापलेली संगीतकाराची, छायालेखकाची नावंसुद्धा. हे काम मला फार मोलाचं वाटतं. आपण नाही भरलं तर दुसरं कोण भरणार? पोस्टर नसेल तर डिस्कचं कव्हर स्कॅन करून पोस्टर या नावाने फोल्डरमध्ये ठेवलं की टीव्हीवर तेच झळकतं. म्हणूनच खोका घेताना कव्हरं फेकू नका.

सबटायटल्सबद्दल थोडक्यात. आमचे जावई बंगाली, त्यांना इंग्रजी ओळी लागतात. डीव्हीडीतल्या ओळी अक्षरं नसून चित्रं असतात, त्यामुळे त्या दाखवताना बऱ्याच टीव्हींसाठी लॅपटॉपला अख्खा सिनेमा नव्याने शिजवावा लागतो आणि पंखा घरघरतो. सबटायटल एडिट या फुकट प्रोग्रामने त्या एकदा अक्षरांत आणून ठेवल्या की हा त्रास संपतो. देवनागरी ओळी स्वतः केल्या तर फाइल यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ठेवा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात.

कायद्याचं म्हणाल तर माझी रीत सरळ आहे. जी ओरिजनल डिस्क माझ्या कपाटात आहे तिचीच प्रत माझ्या घरात. कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात खाजगी वापरासाठी सवलत आहे, मी तिच्या आतच राहते. शेजारच्यांची डिस्क आणून उतरवत नाही, पेनड्राइव्हवर कोणाला देत नाही. धंद्यात असताना पायरसीने आमच्यासारख्यांचं किती नुकसान केलं ते भोगलंय. जुन्या सिनेमांना मात्र दुसरी वाट आहे. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे 1964 आणि त्याआधीचे सिनेमे आता त्या बंधनातून मोकळे आहेत. 1936 चा ‘संत तुकाराम’, 1953 चा ‘श्यामची आई’ यांसारखे सिनेमे साठवायला कोणाची परवानगी लागत नाही. इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाइटवर त्या काळातलं पुष्कळ सापडतं, प्रती बऱ्या-वाईट असतात. चांगली ओरिजनल डिस्क हाती लागली तर तिचीच फाइल ठेवा.

सगळ्यात जास्त पैसे हार्ड डिस्कवर घाला, आणि एक नको, दोन. मी दोन टीबीच्या दोन घेतल्या, दोन्ही मिळून तेरा हजारांच्या आसपास. एकीवर न घटवलेले चारएकशे सिनेमे बसतात, हँडब्रेकमधून काढले तर हजाराच्या वर. एक लॅपटॉपला लावलेली, दुसरी नणंदेकडे डोंबिवलीत. सणावाराला ती येते तेव्हा बरोबर आणते, नवं भरून परत देते. एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन डिस्क टाळा, त्या बरोबरीने म्हाताऱ्या होतात. आणि हार्ड डिस्क टीव्हीच्या वर किंवा खिडकीशी ठेवू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवलेली बरी.

मुलांनी ब्ल्यू-रे सुचवलं होतं. ड्राइव्ह महाग, डिस्क महाग आणि मराठी सिनेमा त्यात जवळजवळ नाही. आमच्यासाठी ते नाही.

एकूण हिशेब सव्वीस हजारांच्या आत-बाहेर, डिस्कचे पैसे धरून. ज्यांच्या घरी जुना लॅपटॉप पडलेला आहे त्यांचं काम निम्म्यात होईल. बसवायला माझ्या भाच्याला एक दुपार लागली, त्यानंतर सगळं मीच करते. ज्यांना फक्त नवे सिनेमे बघायचेत त्यांनी यात पडू नये, त्यांना भाड्याचेच पुरतात. पण जुन्या मराठी सिनेमावर जीव असणाऱ्याला मी जेलीफिन डोळे मिटून घ्या म्हणेन, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो मराठी माहितीच्या तुटवड्यासाठी, आणि तो भरून काढणं आपल्याच हातात आहे.

सुरुवात व्हीसीडीपासून करा. डीव्हीडी अजून काही वर्षं तग धरतील, व्हीसीडीचा थर उघडा असतो, त्या आधी जातात.